ओव्हर म्हणायचं राहिलं

१

मोबाइलवर एखाद्या ॲपमध्ये तुम्ही बोट लावता, समोरचं पान विरतं आणि दुसरं उमटतं. हे आपोआप होतं असा तुमचा समज असेल. होत नाही. कुठल्यातरी खोलीत एक वैतागलेला माणूस बसून ते करत असतो. या खेपेला तो मी होतो.

काम फ्लॅट विकणाऱ्या एका कंपनीचं होतं. गिऱ्हाइकाने घरबसल्या फ्लॅट बघायचा. चित्रातल्या दारावर बोट ठेवलं की हॉल विरणार आणि पॅसेज उमटणार, पुढच्या दारावर ठेवलं की स्वयंपाकघर. हे विरणं-उमटणं सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात झालं पाहिजे, असं मॅनेजरने बजावलेलं. तेवढ्या वेळात दोन्ही पानं पडद्यावर असतात, एकावर एक. जुनं पूर्ण विरलं की ‘संपलं’ असा निरोप येतो आणि मग आम्ही ते उचलून फेकून देतो. निरोप आल्याशिवाय फेकायचं नाही, एवढाच काय तो नियम.

कंपनीने खोल्यांचे फोटो पाठवायला नेहमीप्रमाणे उशीर केला. म्हणून सोमवारी सकाळी मी चाचणीपुरते आमच्याच घराचे काढायला घेतले. बायको औषधांच्या दुकानात कामाला जाते, दीडला येते. शाळेला सुट्टी, त्यामुळे भिंगरी माझ्या गळ्यात. भिंगरी म्हणजे आमची मुलगी, वय सात. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं. घरात तिला कुणी बसलेलं पाहिलेलं नाही.

पॅसेजचा फोटो तिने चार वेळा नासवला. मी कॅमेरा धरला की ही स्वयंपाकघरातून धावत यायची, “ए बाबा, मी येऊ? ए बाबा, आता येऊ?” करत. पाचव्या वेळी माझं डोकं फिरलं आणि मी ओरडलो, “स्टॅच्यू!”

हा आमचा खेळ. मी ‘स्टॅच्यू’ म्हटलं की तिने असेल तसं थिजायचं आणि मी ‘ओव्हर’ म्हणेपर्यंत हलायचं नाही. इतर पोरं मध्येच हसतात, खाजवतात, कंटाळून पळतात. ही नाही. एकदा बँकेत गंमत म्हणून तिला स्टॅच्यू केलं आणि मी खिडकीवरच्या माणसाशी भांडायला गेलो. पंचवीस मिनिटांनी आलो तर बाईसाहेब एक हात वर करून तशाच, गालांवरून पाणी वाहतंय, भोवती चार अनोळखी माणसं. त्या दिवशी बायकोने माझी जी खरडपट्टी काढली ती मी विसरलेलो नाही. तिने माझ्याकडून वचन घेतलं होतं, की पुन्हा हा खेळ खेळून तोंड फिरवून जायचं नाही.

तर ती थिजली. न्हाणीघराच्या दारासमोर, तिसऱ्या फरशीवर. डावा पाय मागे उचललेला, त्याच्या बोटांना निळी चप्पल लोंबकळत होती; उजवा अनवाणी. आता कुठे ही हटणार, म्हणून मी रागाने तसाच फोटो काढला. तात्पुरताच तर होता.

तेवढ्यात मॅनेजरचा फोन आला. मी खोलीत गेलो, दार लावलं आणि पाऊण तास त्याच्याशी हुज्जत घातली.

२

बाहेर आलो तेव्हा भिंगरी जेवणाच्या टेबलाशी बसून चित्र रंगवत होती.

पॅसेजकडे बघेपर्यंत मला आठवलं होतं की मी ओव्हर म्हटलेलं नाही. पण पॅसेज रिकामा, आणि ही टेबलाशी. सुटली म्हणायची स्वतःहून. मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. शिकली एकदाची, म्हटलं.

“कंटाळलीस ना?” मी विचारलं.

तिने मान वर केली. “नाही. बाबा, तुम्हाला पाणी देऊ का?”

तुम्हाला! आमच्या घरात मला ‘तुम्ही’ फक्त गॅस सिलिंडरवाला म्हणतो. मी हसलो. ती हसली नाही, पाणी आणलं, ग्लास न सांडता ठेवला आणि परत रंगवायला बसली. रेघेच्या बाहेर एक ठिपका नव्हता.

त्या दिवशी मी जितकं काम केलं तितकं गेल्या महिन्यात केलं नसेल. दाराची धाडधाड नाही, “ए बाबा” नाही. बायको आली तेव्हा मी शिट्टी वाजवत होतो. स्टॅच्यूचं तिला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही घडलंच नव्हतं.

३

मंगळवारी दोन तक्रारी आल्या. पहिली टेस्टर बाईंची. आमच्याकडे मी केलेल्या कामातल्या चुका काढण्यासाठी या बाई नेमलेल्या आहेत आणि त्यांना त्यांचं काम माझ्यापेक्षा जास्त आवडतं.

“बटणं दाबली जात नाहीयेत,” त्या फोनवर म्हणाल्या. “आधी चालतात. दहा-पंधरा वेळा इकडे-तिकडे गेलं की मरतात. स्वयंपाकघर समोर दिसतंय, दारावर बोट ठेवतेय, आणि काही नाही. माझ्या बोटाच्या आणि त्या दाराच्या मध्ये काहीतरी आहे असं वाटतं.”

“तुमचा फोन जुना आहे.”

“गेल्या महिन्यात घेतलाय. निमित्तं शोधू नका, चूक शोधा. गुरुवारी दोनला कंपनीला दाखवायचंय.”

दुसरी तक्रार खालच्या काकूंची. काकू दोन वर्षं आमच्या भिंगरीच्या पळण्यावरून माझं डोकं खातायत. दुपारी चारला त्या वर आल्या. मी दार उघडलं आणि भांडायच्या तयारीत उभा राहिलो.

“पळू दे हो तिला,” त्या म्हणाल्या. “पळण्याची मला सवय झालीय. पण हे काय नवीन काढलंय? एका जागी लंगडी घातल्यासारखं. धप्प. मग बराच वेळ काही नाही. मग परत धप्प. माझ्या पॅसेजवर, न्हाणीघराच्या दारापाशी. कालपासून चाललंय.”

मी बाजूला झालो आणि त्यांना आत टेबल दाखवलं. मुलगी पुस्तक वाचत होती. तिने उठून काकूंना हात जोडून नमस्कार केला. “बसा ना काकू. तुम्हाला त्रास होतोय का?”

काकू पाघळल्या. किती गुणाची झालीय, म्हणाल्या. त्या तसं म्हणत असताना मला तो आवाज ऐकू आला. फार मोठा नव्हता. एका पायावर तोल जायला लागला की माणूस जेवढी छोटी उडी मारून सावरतो, तेवढा. काकूंनी माझ्याकडे बघितलं.

“पाण्याचे पाइप,” मी म्हणालो. “जुनी इमारत आहे.”

४

बुधवारी सकाळी मी चूक शोधायला बसलो.

ती सापडायला दहा मिनिटं लागली. एक पान विरत असताना गिऱ्हाइकाने मध्येच दुसरीकडे बोट लावलं, तर विरणं अर्धवट तुटतं आणि ‘संपलं’ हा निरोप येतच नाही. निरोप नाही, म्हणून आम्ही पान फेकत नाही. ते तिथेच राहतं. दिसत नाही, कारण विरलेलं आहे. पण आहे, आणि सगळ्यांच्या वर आहे. तुम्ही बटण दाबायला जाता ते बोट त्याला लागतं. टेस्टर बाईंचं बरोबर होतं याचा मला जो राग आला तो वेगळाच.

सोमवारपासून माझ्या मशीनवर तीच खिडकी उघडी होती. उरलेली पानं किती ते मोजलं, एक्केचाळीस निघाली. सगळी पॅसेजची. ती दिसावीत म्हणून मी एकेकाचं विरणं काढून टाकलं आणि सोमवारच्या पहिल्या पानापासून बघत गेलो.

पॅसेज, चार फरश्या, न्हाणीघराचं दार, भिंगरी. डावा पाय गुडघ्यापर्यंत मागे उचललेला.

दहाव्या पानावर मला वाटलं माझा चष्मा पुसायला हवा. विसाव्यावर मी पुसला. पाय खाली येत चालला होता. थोडा थोडा, पण पहिलं आणि विसावं शेजारी ठेवलं की स्पष्ट दिसत होतं. तिसाव्यावर चप्पल फक्त अंगठ्याला अडकलेली होती. एक्केचाळिसाव्या पानात पाऊल फरशीपासून दोन बोटं वर होतं आणि पोटरी फोटोत हललेली आली होती, थरथरल्यासारखी. टेकवलं मात्र नव्हतं. टेकवलं असतं तर ती हरली असती.

मी शहाणा माणूस आहे. मी मूळ फोटो उघडला. तो एकच होता, सगळी पानं त्याच एका फोटोवरून काढलेली असतात, दुसरा फोटो येणार कुठून? मूळ फोटोत पाय गुडघ्यापर्यंत वर होता. म्हणजे चित्र ताणलं गेलं असणार, पडद्याचा दोष असणार, रात्रीची झोप कमी पडतेय. तीन कारणं मिळाली की माझं समाधान होतं.

फक्त एक गोष्ट राहिली. मूळ फोटोत ती कॅमेऱ्याकडे बघत होती. एक्केचाळिसाव्या पानात तिचे डोळे कडेला वळलेले होते, माझ्या खोलीच्या दाराकडे.

मागे चाहूल लागली नाही, तरी मी वळलो. मुलगी माझ्या खुर्चीमागे उभी होती. दार मी आतून लावलेलं होतं की नाही ते मला आठवेना.

“बाबा, हे सगळं काढून टाकायचं असतं ना?” तिने विचारलं.

“कोणी सांगितलं तुला?”

“तुम्हीच सांगता. नवीन आलं की जुनं काढायचं.”

५

त्या दिवशी दुपारी बायको चपलांच्या कपाटासमोर जमिनीवर बसली होती. हातात भिंगरीची निळी चप्पल, उजव्या पायाची.

“डावी कुठाय? तीन दिवस ही पोरगी अनवाणी फिरतेय.”

“असेल इकडेच कुठे.”

“तिला विचारलं तर म्हणते, मला लागत नाही.” बायकोने आवाज खाली आणला. “अरे, तुला काही वाटत नाही का?”

“कशाबद्दल?”

“काल झोपताना गोष्ट सांगत होते. मुद्दाम चुकीची सांगितली. आपली असती तर…” ती थांबली. “म्हणजे, एरवी असती तर अंगावर आली असती. असं नाही आई, तसं नाही आई. काल गप्प ऐकून घेतलं आणि म्हणाली, छान होती.”

“मोठी होतेय.”

“तीन दिवसांत? आणि तू तिला कधी येताना बघितलंयस? मी नाही बघितलं. मी ओट्याशी असते, ती हॉलमध्ये असते, आणि मग ती माझ्या बाजूला असते. येत नाही ती. आलेली असते.”

मला हे ऐकायचं नव्हतं, आणि मला नको असलेलं कुणी ऐकवलं की मी खेकसतो. मी खेकसलो. म्हणालो, पोरगी धावली तर तुझी कटकट, शांत बसली तर तुझी कटकट, एकदा ठरव काय ते. बायकोने ती चप्पल परत कपाटात ठेवली, शेजारी डाव्या चपलेएवढी जागा सोडून.

“सोमवारी काही झालं होतं का रे, मी नसताना?” तिने माझ्याकडे न बघता विचारलं.

“काय होणार?” मी म्हणालो.

६

गुरुवारी एकच्या सुमाराला टेस्टर बाईंचा फोन आला.

“झालं का?”

“दोन मार्ग आहेत,” मी सांगितलं. “नीट करायचं तर प्रत्येक उरलेल्या पानाला त्याचं विरणं पूर्ण करू द्यावं लागेल. तुटलेला निरोप एकेकाला पोचवायचा, मग ते आपण होऊन जातं. एक दिवस लागेल.”

“आणि दुसरा?”

“एक ओळ. शेवटचं सोडून बाकी सगळी पानं तिथल्या तिथे उडवून टाक. संपलेली असोत नसोत.”

“मग लिहा की ती ओळ! एका तासात कंपनीची माणसं बसतायत. उरलेल्या पानांना काय भावना आहेत का?”

मी ओळ लिहिली. सेव्ह करायला बोट नेलं आणि पॅसेजमधून धप्प असा आवाज आला.

पाइप असा वाजत नाही हे मला मंगळवारीच कळलं होतं. मी उठलो, दार उघडलं. पॅसेज रिकामा होता. तिसऱ्या फरशीवर खिडकीतलं ऊन पडलं होतं आणि बाकी काही नव्हतं. मी त्या फरशीसमोर गुडघ्यांवर बसलो. तिथली हवा दमट होती, खेळून आलेल्या पोराच्या डोक्याला येतो तसा घामट वास होता. आणि कुणीतरी फार हळू श्वास घेत होतं. ऐकू येऊ नये म्हणून तोंडाने घेतात ना, तसा.

शब्द माझ्या ओठांवर आला होता. तीन अक्षरांचा तर शब्द.

“बाबा, कुणाशी बोलताय?”

मुलगी टेबलाशी बसली होती. तिथून तिला मी पूर्ण दिसत होतो. चाळिशीचा माणूस, दुपारी एक वाजता, रिकाम्या पॅसेजमध्ये गुडघे टेकून. तिने चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या नजरेत काही वाईट नव्हतं. तिला फक्त बघायचं होतं, मी म्हणतो की नाही ते.

मला लाज वाटली. एवढंच खरं कारण आहे, बाकी मी नंतर स्वतःला सांगितलेली सगळी खोटी आहेत. माझी मुलगी समोर बसली आहे, मला दिसते आहे, आणि मी फरशीला ओव्हर म्हणणार? उद्या हे कुणाला कळलं तर? आत फोन वाजायला लागला होता.

“कुणाशीच नाही,” मी म्हणालो आणि उठलो.

मागे धप्प झालं. लगेच परत एकदा. मग तिसऱ्यांदा, घाईघाईने. इतक्या घाईने ते कधीच होत नव्हतं. मी खोलीत गेलो, दार लावलं आणि फोन उचलला.

“झालं का?” टेस्टर बाईंनी विचारलं.

“हे बघा, झालं,” मी म्हणालो आणि सेव्हचं बटण दाबलं.

७

पडद्यावरची एक्केचाळीस पानं गेली. मोजणारा आकडा शून्य झाला. बाहेर पॅसेजमध्ये ‘टप्’ असा एक हलका आवाज झाला आणि त्यानंतर काही नाही.

“अहाहा,” टेस्टर बाई म्हणाल्या. “काय सुरेख चालतंय. बोट लावायचा अवकाश.”

मी फोन ठेवला. दार उघडायला मला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. तिसऱ्या फरशीवर निळी चप्पल पडली होती, डाव्या पायाची, पालथी. मी उचलली. आतून ती ओली होती आणि गरम होती. चार दिवस एका अंगठ्यावर धरून ठेवलेली.

“ओव्हर,” मी म्हणालो. आधी हळू. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने की घसा फाटला. “ओव्हर, भिंगरी, ओव्हर! जिंकलीस! ये, ये ना गं!”

कुणी श्वास घेत नव्हतं. पॅसेजला फक्त पॅसेजचा वास होता.

खोलीत जाऊन मी मूळ फोटो उघडला. चार फरश्या, न्हाणीघराचं दार, ऊन. फोटो चांगला आला होता, कंपनीला हवा तसा. मध्ये कुणी आलेलं नव्हतं.

बेल वाजली. खालच्या काकू होत्या. “तुम्हीच ओरडत होता का? असो. थांबलं बघा ते धप्पधप्प. तिला समजावलंत वाटतं.”

“हो,” मी म्हणालो.

त्या जिन्यावरून उतरत असतानाच बायको वर आली. तिने माझं तोंड बघितलं, मग माझ्या हातातली चप्पल बघितली आणि पिशवी तिथेच खाली ठेवली.

“कुठे मिळाली?”

मुलगी माझ्या बाजूला होती. तिने माझ्या हातातून चप्पल घेतली, खाली ठेवली आणि तिच्यात डावा पाय घालून बघितला. टाच बोटभर बाहेर राहिली.

“मला होत नाही,” ती म्हणाली. “ही टाकून द्या.”

बायको त्या पायाकडे बघत होती. मग तिने पॅसेजकडे बघितलं, तिसऱ्या फरशीकडे, आणि मग माझ्याकडे. तिचे ओठ पांढरे पडले होते.

“तू परत तिला स्टॅच्यू केलं होतंस का?” तिने विचारलं. “खरं सांग. करून निघून गेला होतास?”

मी तोंड उघडलं. पण मुलगी आधी बोलली, अगदी शांतपणे, माझा हात तिच्या कोरड्या हातात घेऊन.

“नाही आई. बाबांनी लगेच ओव्हर म्हटलं होतं. हो ना बाबा?”

बायको माझ्याकडे बघत थांबली होती. मी मान हलवली. हो.